पाळणा

बाळ येण्याआधी दोन दिवस निवांत जावेत म्हणून हर्षलने योगिनीला गंगापूर धरणाकाठच्या रिसॉर्टवर आणलं होतं. संध्याकाळी चहा घेऊन ती गॅलरीत आली, तर तो पाठमोरा उभा राहून बहिणीशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. “ताई, तो पाळणा कॅन्सल कर. आणि योगिनीला यातलं काही बोलू नकोस.”

योगिनीने कपबशी टेबलावर ठेवली. “कसला पाळणा?”

हर्षलने जीभ चावली. “अगं, पार्कातला आकाशपाळणा! ताईने आपली तिकिटं काढून ठेवली होती. सातव्या महिन्यात तुला तिथे गरगर फिरवू का? तू चिडशील म्हणून सांगितलं नाही.”

तो खो खो हसत सुटला. योगिनी हसली नाही.

“हर्षल, गाडी काढ,” ती म्हणाली. “सकाळपासून बाळ हललं नाहीये.”