तिसाव्या किलोमीटरनंतर

किबोर गावच्या थांब्याच्या बऱ्याच आधी मटाटू व्हॅनमधून उतरला.

"इथे कुठे?" ड्रायव्हरने विचारलं. "इथे तर नुसता मका आहे."

"चालत जातो. पाय मोकळे होतील."

"चाला, चाला. धावणाऱ्यांचं गाव तुमचं. चालणारा दिसला की कुत्रीसुद्धा भुंकतात." ड्रायव्हर स्वतःच्याच विनोदावर हसला आणि धूळ उडवत निघून गेला.

तांबड्या रस्त्याला चढ होता. किबोरच्या मांड्या अजून दुखत होत्या. पिशवी जड नव्हती, तरी तो ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. खिशातला फोन पुन्हा थरथरला. अनोळखी नंबर. सकाळपासून सगळ्यांना एकच विचारायचं होतं, तिसाव्या किलोमीटरनंतर नेमकं काय झालं. त्याने फोन बंद करून टाकला.

शर्यत जिंकून आलेल्याला घ्यायला गाव या चढापर्यंत येतं. बायका गातात, आंबवलेल्या दुधाने भरलेला पोकळ, वाळका भोपळा त्याच्या ओठांना लावतात. आज रस्त्यावर कोणी नव्हतं. कडेला एक गाय चरत होती, तिनेही मान वर केली नाही.

वळणावरून त्याच्या गटातले धावपटू आले, संध्याकाळच्या हलक्या फेरीला निघालेले. रोज पहाटे तो यांच्याच मधोमध धावायचा, पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवून. समोर तो दिसताच ते एकामागोमाग रस्त्याच्या पलीकडच्या कडेला सरकले. कोणी हात वर केला नाही. त्यांच्या पावलांचा आवाज विरेपर्यंत किबोर तिथेच उभा राहिला.

जेबेटमावशीच्या टपरीत चहा तरी मिळेल, असं त्याला वाटलं. मिळाला. साखर न विचारताच त्याच्या चवीची पडली होती.

"आलास," ती म्हणाली.

"आलो."

"आणि सेरेम?"

"तिकडेच आहे. गुडघा दाखवायचाय त्याला. येईल दोन-तीन दिवसांत."

कोपऱ्यात म्हातारा कोस्केई बसला होता. एके काळी तोही धावायचा, आता फक्त बोलायचा.

"किती साधी योजना होती," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "आपली दोन पोरं मॅरेथॉनला जाणार. एकाने ससा व्हायचं. पुढे धावायचं, वारा छातीवर घ्यायचा, वेग धरून ठेवायचा. तिसाव्या किलोमीटरला रस्ता सोडून बाजूला व्हायचं. तिथून पुढचा रस्ता दुसऱ्याचा. शाळेतल्या पोरांनाही कळतं हे."

"आजोबा, चहा निवतोय तुमचा."

"निवू दे. सशाने घात केला की नाही, तेवढं सांग."

जेबेटमावशी चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारत राहिली. किबोर कपात बघत होता.

"आमच्या वेळचे ससे शहाणे असायचे," म्हातारा म्हणाला. "आताच्यांचे नुसते कान लांब."

कोणी हसलं नाही. किबोरने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठला.

आता फक्त सेरेमच्या आईचं घर राहिलं होतं. किबोरची आई गेली त्या वर्षी याच बाईने त्याला उचलून आणलं होतं, आणि सेरेमच्या ताटातच त्याचीही मक्याची उगाली वाढली होती. पोरवयात दोघं शाळेत अनवाणी धावत जायचे, सेरेम पुढे, किबोर मागे. त्या परक्या, गारठलेल्या शहरात मात्र दोघांनी शर्यतीनंतरची रात्र एका खोलीत एक शब्द न बोलता काढली. सेरेम भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला नव्हता, हे श्वासावरून कळत होतं.

विमानात किबोरने एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोकलं होतं. ते ऐकून तिने 'आत ये' म्हटलं, तर सगळं निभावेल. नाही म्हटलं, तर या गावात ठोठावायला त्याला दुसरं दार उरलं नव्हतं.

तिच्या घराच्या वळचणीला भोपळा टांगलेला होता. दोघं शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी तिने त्याला आतून कोळसा घासला होता, दूध भरलं होतं, झाकण घट्ट बसवलं होतं. "जिंकणाऱ्याच्या ओठांना लावीन," असं म्हणाली होती, आणि घरभर हशा पिकला होता. झाकण अजून तसंच होतं. किबोरने नजर वळवली. ते दूध त्याच्यासाठी नव्हतं.

त्याने कडी वाजवली.

ती दारात आली. नेहमीसारखं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"सेरेमचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"काही नाही. रडला."

घोकलेलं वाक्य बाहेर आलं ते भलत्याच बारीक आवाजात. "आई, मी मागे वळून पाहिलं होतं गं, तो कुठेच दिसला नाही."

ती 'आत ये' म्हणाली नाही. उंबरा ओलांडून ती बाहेर आली, वळचणीचा भोपळा काढला, दोन्ही हातांनी हलवला. आतलं दूध डचमळल्याचा आवाज आला. तिने झाकण उघडलं. धुराचा आणि आंबट दुधाचा वास दोघांच्या मधे पसरला.

"नको, आई," किबोर मागे सरला. "ते त्याचं आहे."

तिने भोपळा त्याच्या ओठांपर्यंत नेला.

"पी," ती म्हणाली. "जिंकून आलेला या दारातून कोरडा जात नाही. मग तो ससा का असेना."