सोबत

कॉर्क शहरातल्या शाळेत शिकणारी गिरिजाबाईंची नात, स्वानंदी, दर शनिवारी विद्यापीठात गणिताच्या तासाला बसणार होती.

"शाळकरी मुलांसोबत घरचं मोठं माणूस लागतं," गिरिजाबाईंनी जेवताना जाहीर केलं.

शनिवारी त्यांचे पती शशिकांतराव कोट चढवू लागले. "मी जातो. तुला त्यातलं काय कळणारे?"

"तुम्ही राहू द्या," बुटांच्या नाड्या बांधत त्या म्हणाल्या. "कणीक मळलीय. तेवढ्या पोळ्या लाटून ठेवा."

बायको कॉलेजात गेली तर पोळ्या कोण लाटणार, असं म्हणत लग्नानंतर त्यांनीच गिरिजाबाईंचं नाव कॉलेजातून काढलं होतं.

रस्त्यावर आल्यावर स्वानंदीला हसू आवरेना. "आजी, सोबत कुणी लागतच नाही, हे आजोबांना कधी सांगायचं?"

"माझा निकाल लागला की. पेढे त्यांनाच वाटायला लावीन."