भार कुणावर

सूरजचं, माझ्या नातवाचं, लग्न झालं त्या वर्षी त्याची बहीण संचिता प्रयोगशाळेतून पेढे घेऊनच घरी आली.

"आबा, जिंकले मी! बशीत वाढवलेल्या मज्जापेशींमधला एक जीन गप्प केला, तर त्यांच्या लांब फांद्या कोलमडल्या. म्हणजे त्याचंच प्रथिन त्यांना धरून होतं. सर त्याला बिनकामाचं म्हणायचे. आता तेही गप्प!"

कोपरी गावात जन्मभर मांडव घातले मी. म्हणालो, "अगं, बांबू काढल्याशिवाय कळतच नाही, भार कुणावर होता."

"तुमचीच युक्ती चोरली, आबा!"

पहिला पेढा तिने आजीच्या फोटोपुढे ठेवला. घराचा भार माझ्यावर आहे, असं मी समजत होतो. माझी बायको रतन आदल्या वर्षी माघात वारली.