निळी ज्योत

वहिनी मडक्यात ताडी उकळून दारू गाळायची. गिऱ्हाइकासमोर वाटीत थोडी ओतून काडी लावायची; निळी ज्योत उठली की माल अस्सल, मगच बाटली हातात. झाडावरून ताडी उतरवणारा तिचा नवरा असल्या भानगडीत पडत नसे. तो थेट भट्टीपाशीच पेला घेऊन बसायचा. शेवटी पोटात पाणी होऊन गेला.

सरणाची लाकडं ओली निघाली. काही केल्या पेटेनात. दीर म्हणाला, "वहिनी, घरातलीच एक बाटली आणू?" तिने मान डोलावली. बाटली ओतली, काडी लावली आणि भप्पकन निळी ज्योत उठली.



मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वहिनी, यातल्याच दोन ठेवा हं माझ्यासाठी."