दहा मिनिटांचा फोन

"दहातली दोन मिनिटं तर नुसत्या 'हॅलो हॅलो'त घालवलीस," आई फोनवर कडाडली. "आता सरळ बोल. बहिणीच्या लग्नाला येणार की नाही?"

फोन जेवणाच्या टेबलावर स्पीकर लावून ठेवला होता. एका बाजूला आई, समोर बाबा. दर रविवारी अकराला मुलाचा फोन यायचा आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद व्हायचा. मग वाक्य अर्धं राहिलं तरी राहिलं.

"सुट्टीचा अर्ज केला होता, आई. नामंजूर झाला."

"सख्ख्या बहिणीचं लग्न आहे असं लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं."

"अगं, वरच्यांच्या हातात असतं ते. तो तरी काय करणार?" बाबा म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्याच लाडांनी वाया गेलाय."

आई शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने व्हरांड्यात नुसतं खाकरलं तरी चार वर्गांचा गोंगाट थांबायचा. निवृत्त झाल्यापासून तो सगळा धाक एकट्या बाबांच्या वाट्याला आला होता. बाबांचा जन्म पुस्तकांची बांधणी करण्यात गेला. बायकोपुढे त्यांनी कधी ब्र काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बाकी कसं चाललंय?" बाबांनी विषय बदलला.

"मजेत. कामातून डोकं वर काढायला वेळ नसतो. व्यायाम मात्र रोज पहाटे, चुकवत नाही. पोट गेलं माझं, बाबा! आणि ते समुद्रसफरींचं जाडं पुस्तक संपत आलं."

"वा! वादळाचा भाग वाचलास?"

"दोनदा."

आईने टेबलावर थाप मारली. बाबांच्या कपातला चहा बशीत सांडला. "ऐका! बहिणीसाठी चार दिवस नाहीत, वादळं मात्र दोनदा वाचतोय. लोकांना काय तोंड दाखवू मी? नवरीचा भाऊ कुठे आहे, असं सगळे विचारताहेत!"

"पुढच्या मार्चमध्ये नक्की येतो, आई. काम नीट केलं तर साहेब म्हणाले, त्याआधीसुद्धा सोड..."

फोन बंद झाला. त्या नंबरावर उलटा फोन लागत नसे. तरी आईने तीनदा लावला आणि तिन्ही वेळा आदळला.

"तुझंच ब्लडप्रेशर वाढेल," बाबा बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाले.

झालं. मोर्चा त्यांच्याकडे वळला.

"माझ्या ब्लडप्रेशरचं मी बघते. ऑपरेशन तुमच्या हृदयाचं झालंय. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. तुम्ही गुरुवारी सकाळी जाता ते दुपारी उगवता! बुटांना ही एवढी लाल माती. कुठे शेत नांगरायला जाता?"

"लांब फेरी मारली की बरं वाटतं."

"मग या गुरुवारी मीही येते."

"नको नको. तुझे गुडघे."

"आणि त्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली आहे का? अर्धा खण रिकामा झाला."

"फिरायला येणाऱ्या मित्रांना वाचायला देतो."

"वाचायला दिलेलं पुस्तक परत येत नसतं, हे तुम्हाला मी सांगायचं?"

बाबा कप विसळायला उठले. कुठे माघार घ्यायची एवढं त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मंगळवारी आई पत्रिका वाटायला म्हणून बाहेर पडली. पिशवीत वीस पत्रिका होत्या. त्यातल्या एकीवर तिने मुलाचं नाव घातलं होतं, शाळेतल्यासारख्या टपोऱ्या अक्षरात.

दोन बस बदलून ती शेवटच्या थांब्यावर उतरली. पुढचा रस्ता कच्चा होता. गुडघे बोंबलत होते आणि ती मनातल्या मनात बोलत होती. नालायका, एक दिवस, एकच दिवस नीट वागला असतास तर! आठ महिने साठवलेलं सगळं आज त्याच्या तोंडावर फेकायचं, आणि मग पत्रिका हातात द्यायची. रडायचं नाही, हे तिने स्वतःला तीनदा बजावलं.

उंच भिंतीपाशी रस्ता संपला. लोखंडी दाराशेजारच्या खिडकीत शिपायाने वही उघडली.

"कोणाला भेटायचं?"

तिने नाव सांगितलं. मग नंबर सांगितला, "कैदी चारशे बारा."

बाबा ऑपरेशननंतर दवाखान्यात होते, तेव्हा घरी आलेलं कोर्टाचं पत्र तिने एकटीने फोडलं होतं. 'त्यांच्या हृदयाला हे झेपायचं नाही,' तिने मुलाला कळवलं होतं. 'दर रविवारी फोन कर, नोकरीच्या गप्पा मार. त्यांना संशय येता कामा नये. आणि मला तोंड दाखवू नकोस.' त्याने तिचा शब्द पाळला होता. आज तीच तो मोडायला आली होती.

"पहिल्यांदाच येताय ना? नातं काय?"

"आई."

शिपायाचं पेन थांबलं. त्याने खिडकीतून वाकून आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या चपलांना लागलेल्या लाल मातीकडे.

"मावशी, मग तुम्ही इथे आला होता हे त्या आजोबांना कळू देऊ नका हं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "दर गुरुवारी पुस्तक द्यायला येतात आणि जाताना आम्हाला हात जोडून बजावतात, याच्या घरी काही कळू देऊ नका, याची आई फार हळवी आहे, तिला हे झेपायचं नाही."