देवराईतली जागा

इंग्रजी अमलातली, सालेकशाच्या रानातली गोष्ट. भुमक्याचा, म्हणजे गावच्या पुजाऱ्याचा मुलगा फागू बापाची रीत मोडून सांगत फिरू लागला, "रान साऱ्याइची माय होय. मायच्या घरात लेकीले बंदी काऊन?" देवराईत बाईनं पाऊल टाकलं तर ती तिथंच कोसळते, असं सारे मानत. एका सकाळी फागूची बायको सुकमती गावासमोर देवराईच्या कडेला उभी राहिली. "देव कोपला तं?" तिनं विचारलं. "माय कोपत नाही," फागू म्हणाला. डोळे मिटून ती आत शिरली. काहीच झालं नाही. साजाच्या झाडाला पाठ टेकून तिनं मोकळा श्वास सोडला. भुमका काठी आपटत राहिला. त्याला न जुमानता त्याचीच म्हातारी बायको आत आली. "सरक वो पोरी," सासू म्हणाली, "चाळीस वर्सं बाहेर उभी राहून थकली मी."