एकोणीस सह्या

"तुमच्या मुलानं सकाळीच मत दिलंय, मावशी," यादीवर पट्टी धरून बसलेला कारकून म्हणाला. "हे तुमच्या खालचंच नाव ना? पत्ताही एकच आहे."

शिवणवाल्या मावशीला वाटलं, आपल्या कानाचंच काहीतरी चुकलं. शाळेचा वर्ग होता, बाकं भिंतीला सारून मतदानाची सोय केलेली. मागं रांगेत चौकातल्या बाकीच्या बायका उभ्या होत्या. सात वर्षांपूर्वी एका रात्रीत त्यांच्या घरांतली एकोणीस माणसं पोलिसांनी पकडून नेली होती. तेव्हापासून या बायका रोज पहाटे पाचला चौकात फोटो घेऊन बसायच्या, आणि मागणी एकच: आमची माणसं जिवंत आहेत, परत द्या.

मावशीला आजही बसायचंच होतं. पण मास्तरीणबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या, आणि बाईंनी एकदा मनावर घेतलं की कुणाचं काही चालायचं नाही.

"बसून बसून आपला पुतळा झालाय," बाई कालच म्हणाल्या होत्या. "लोक वळसा घालून जातात. मत दिलं तर निदान मोजावं तरी लागेल त्यांना."

"आणि निवडून आलात की तुम्हीही वळसा घालूनच जाल," मावशी म्हणाली होती. तरी आली होती. एकटीनं बसून करणार काय?

"सही दाखवा," ती आता कारकुनाला म्हणाली.

त्यानं यादी तिच्याकडं फिरवली. सही मुलाचीच होती. शेवटच्या अक्षराची लांब शेपटी, खाली दोन टिंबं. शाळेत असताना त्यानं ही सही गिरवण्यात वह्याच्या वह्या संपवल्या होत्या, आणि मावशीनं त्याला झापलं होतं की अभ्यासाच्या नावानं बोंब आणि सही मात्र मोठ्या साहेबाची.

कोपऱ्यात उमेदवाराच्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरीणबाई ताडकन उठून आल्या. "बेपत्ता माणसांच्या नावावर मतं टाकताय? पानं उलटा. सगळी नावं बघू द्या."

कारकुनानं पानं उलटली. एकोणीसच्या एकोणीस नावांपुढं सह्या होत्या. बाईंचा चेहरा लाल झाला, पण खरं सांगायचं तर त्या मनातून खूश होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा समोरच्याची चोरी अशी कागदावर सापडली होती. निकाल दहावीस मतांवर फिरेल असं सगळेच म्हणत होते, त्यात ही एकोणीस मतं.

केंद्राध्यक्षांनी निमूटपणे खणातून एक फॉर्म काढला. "हरकत घ्या. प्रत्येक नावापुढं घरच्यांनी लिहून द्यायचं, की ही व्यक्ती हयात नाही. मग मत बाद होईल."

"बेपत्ता आहे असं लिहिलं तर?"

"बेपत्ता माणूस मत देऊ शकतो, बाई. मेलेला देऊ शकत नाही."

बाईंनी पेन उचललं. त्यांचा नवरा छापखान्यात कामाला होता, एकोणिसांतला तो पहिला. "आधी ह्यांची सही दाखवा," त्या म्हणाल्या. खोटी सही बघितली की हात आपोआप चालेल, असा त्यांचा हिशेब असावा. पान समोर आलं. बाई वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"राहू दे ते मत," त्या म्हणाल्या. वर्गाच्या पार मागच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज मावशीलाही जेमतेम ऐकू आला.

मावशी पुढच्या टेबलाशी गेली. शाई लावणारा माणूस परगावचा, निवडणुकीच्या कामापुरता आलेला. हे एवढं कशावरून चाललंय ते त्याला कळलंच नव्हतं. त्यानं मावशीचं बोट धरलं आणि गप्पा सुरू केल्या.

"सकाळची पहिली माणसं चांगली हो. दार उघडलं तेव्हा सगळी रांगेत. ओळखपत्रं भिजलेली होती, पण नावं वाचता येत होती. बाहेर तर लख्ख ऊन. म्हटलं, एवढे कुठं भिजलात? तर नुसती हसली."

"एकाच्या डाव्या भुवईवर खोक होती?" मावशीनं विचारलं.

"होती की. तो सगळ्यात शेवटी होता. बोलला तेवढा तोच."

"काय बोलला?"

"विचारत होता, चौकातल्या बायका कुठं गेल्या म्हणून. आम्ही तिकडूनच आलो, म्हणाला, तिथं कुणीच नव्हतं." त्यानं काडी शाईत बुडवली आणि मावशीच्या नखावर नीट, बेतानं रेघ ओढली. "मला काय ठाऊक इथल्या बायका? पण आज मतदानाचा दिवस, म्हटलं, मत द्यायला गेल्या असतील. मग म्हणाला, असं होय. मग आता आम्हाला शोधतंय कोण?"

मावशीच्या मागच्या बाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. तिच्या मागचीनंही घेतला. मावशीचं बोट मात्र त्या माणसाच्या हातात होतं, आणि शाई लावून झाली होती.